एकतीस नंबरची सवारी

शाखा डाकघर, बोरवाडी,
व्हाया धाड, जि. बुलढाणा
२० नोव्हेंबर २०१७

निवृत्ती,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. तू पुण्यात लय मोठा माणूस झाला हे मले कबूल, पण फोन उचलला तं का पगार कापतात तुमच्या कंपनीत? चार दिवस झाले लावून राह्यली. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढं सारं सामसूम. साइटच्या ईमेलवर टाकावं तं ते बी साइटसोबतच बंद. मंग म्हटलं, मुबीना, तू पोस्टवाली आहेस ना बाई, पाकीट टाक. पाकिटाले 'व्यस्त आहे' म्हणता येत नाही.

आपली साइट, बोंडवही, उघडत नाही. गुरुवारपासून नुसती पांढरी स्क्रीन. मले वाटलं माह्या मोबाइलची रेंज. धाडले जाऊन मतीनच्या कम्प्युटर क्लासात पाह्यलं, तिथी बी तेच.

आता मले खरंच भेव लागून राह्यलं. तुले आठवते ना, दिवाळीत तू माह्या ओट्यावर बसून दोन दिवसांत ती साइट उभी केली? तवापासून त्रेचाळीस लोकांनी पोस्टाच्या काउंटरवर बोंडं आणून देली. वरून हिरवं, टपोरं बोंड, आणि चाकूनं कापलं का आत गुलाबी अळी. बीटीच्या कपाशीत अळी येत नाही असं सांगून विकलं होतं ना बियाणं, अन् तीच आत बसून! मी दरेकाचं कापलेलं बोंड, बियाण्याची रिकामी पिशवी आणि त्या दिवसाचा पेपर जवळजवळ ठेवून फोटो काढला आणि साइटवर टाकला. नाव नाही, फक्त नंबर. ही तुहीच अक्कल होती, का नाव दिसलं तं दुकानदार दारात येऊन बसते. नावं माह्या वहीत आहेत आणि ती वही पोस्टाच्या पेटीत कुलपात आहे.

माह्याकडून एक चूक झाली, ती सांगते. मोबाइल भरला म्हणून मी माह्याकडचे फोटो पुसले. साइटवर आहेत तं कायचं भेव, असं वाटलं. आणि लोकायले सांगतलं, तुमचा पुरावा जमा झाला, आता कपाशी उपटा आणि हरभरा पेरा. लोकांनी उपटली बी. अठरा डिसेंबरले तालुक्याची तक्रार समिती गावात येणार आहे. साइट नसन तं मी त्या सायबायले काय दाखवू, काळी माती? त्रेचाळीस घरांनी माह्या तोंडाकडं पाहून शेत मोकळं केलं रे.

तुही माय बरी आहे. गुडघा दुखते, पण माणसाशी भांडायची ताकद शाबूत आहे. तिनं आपली दोन एकर अजून उपटली नाही. म्हणते, मले घाई नाही.

लवकर सांग काय झालं ते.

मुबीना

*

पुणे
२५ नोव्हेंबर २०१७

प्रिय मुबीना,

तुझं पाकीट मिळालं. फोन उचलला नाही कारण काय सांगावं तेच कळत नव्हतं. माफ कर.

बोंडवहीवर हल्ला झालाय. तुला तुझ्या भाषेत सांगतो. समज, तुझ्या पोस्टाच्या काउंटरवर अचानक पाच हजार माणसं येऊन उभी राहिली. कुणालाच तिकीट नको, कुणालाच मनीऑर्डर नको. प्रत्येक जण विचारतो, "टपाल आलं का?" आणि उत्तर न ऐकता पुन्हा रांगेत लागतो. तू कितीही हुशार पोस्टवाली असलीस तरी खरा माणूस तुझ्यापर्यंत पोचणारच नाही. साइटचं तसंच झालंय. फरक इतकाच की ती माणसं नाहीत, जगभरातले कम्प्युटर आहेत. कुणीतरी ते ताब्यात घेतलेत आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नाही. यात कुणी आत शिरत नाही, चोरी होत नाही. नुसती वाट अडवतात.

दुसरी अडचण आमच्याकडची आहे. आपली साइट काही स्वतंत्र घरात राहत नाही. एका सर्व्हरवर दोनशे साइट दाटीवाटीनं बसल्यात, म्हणून तर ती तुला फुकट देता आली. धाड-बुलढाणा काळी-पिवळी जीप आठवते ना? एका सवारीच्या मागे पोलीस लागले की अख्खी जीप थांबते. मग ड्रायव्हर काय करतो? त्या एका सवारीला खाली उतरवतो आणि बाकीच्यांना घेऊन निघतो. आमच्या मालकांनी तेच केलं. एका साइटपायी उरलेल्या एकशे नव्व्याण्णव बंद पडायला लागल्या, म्हणून त्यांनी बोंडवही उतरवून ठेवली आहे.

मी गप्प बसलेलो नाही. ज्या पत्त्यांवरून गर्दी येते ते अडवतोय, पण ते तासातासाला बदलतात. आता साइटची पानं आधीच तयार करून ठेवतोय, म्हणजे सर्व्हरला दर वेळी नव्यानं खपावं लागणार नाही. आणि साइटच्या पुढे एक पहारा बसवतोय, जो खरं गिऱ्हाईक आणि खोटी गर्दी ओळखून खोट्यांना बाहेरच ठेवतो. तुझे फोटो सुरक्षित आहेत. काळजी करू नकोस.

एक काम कर. नंबर आणि नावं असलेली मूळ यादी मला पाठव. साइट नव्यानं उभी करताना कुठला फोटो कुणाचा यात घोळ व्हायला नको. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, हल्ला करणाऱ्यांची नजर कुठे असेल सांगता येत नाही. कागदावर लिहून टपालानं पाठव. तुझ्या पाकिटाइतकं सुरक्षित दुसरं काही नाही.

आईकडे लक्ष असू दे.

तुझा,
निवृत्ती

*

बोरवाडी
३० नोव्हेंबर २०१७

निवृत्ती,

तुहं पत्र मी दोनदा वाचलं. 'खरं गिऱ्हाईक', 'कळत नव्हतं'! पुण्याची भाषा लय गोड लागून राह्यली बाप्पा तुह्या हातून. पण समजलं सारं. जीपचं तं चांगलंच समजलं. मीच एकदा त्या जीपमधून उतरली होती, डाकेची थैली घेऊन, भर उन्हात.

एक विचारू? २७ तारखेले सकाळी साइट उघडली होती. मी काउंटरवर होती, सहज लावून पाह्यलं तं सारे फोटो चकचकीत! मी वरडतच बाहेर आली. समोरची कलाबाई नळावर होती, ती घागर तशीच ठेवून धावत आली. तिनं आपलं बोंड पाह्यलं, सतरा नंबरचं, आणि म्हणे, "हेच वं माहं!" घरोघर सांगतलं आम्ही. दहा-अकरा मिनिटं झाली असतीन, का पुन्हा पांढरी स्क्रीन. मंग सारे माह्याकडंच पाहून राह्यले. ते काय होतं?

यादी सोबत आहे, दोन कागद. वहीतून पाहून माह्या हातानं लेहली. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यावर पोस्टाचा तारखेचा गोल शिक्का मारला आहे. तू हसशीन, पण आठ वर्षांची सवय आहे, हाताखालून कागद गेला का शिक्का बसते. पाकीट रजिस्टर केलं आहे.

यादी वाचशीन तं एका नंबरावर थांबशीन. रागावू नोको. तिनंच मले बजावून सांगतलं होतं, पोराले कळू देऊ नोको म्हणून. मी तुह्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली आहे, आणि आता ती बी तुह्या हाती देली.

निवृत्ती, ही नावं मी गावात कोणाले दाखवली नाही. माह्या अब्बाले बी नाही. लोकांनी मले नावं देली ते मी शेखांची मुबीना म्हणून नाही, पोस्टवाली म्हणून. एवढं ध्यानात ठेवजो.

मुबीना

*

पुणे
५ डिसेंबर २०१७

प्रिय मुबीना,

यादी मिळाली. गडबडीत आहे, थोडक्यात लिहितो.

२७ तारखेला साइट उघडली तो हल्ला करणाऱ्यांचाच डाव होता. थोडी ढील देतात, आपण साइट पुन्हा चालू केली की दुप्पट जोरानं येतात. हल्ला अजून चालू आहे आणि मालक साइट उघडायला तयार नाहीत. माझ्या हातात नाही गं.

समितीची तारीख पुढे ढकलून मिळते का बघ. नाहीतर असंही वाटतं, की लोकांनी दुकानदाराशी बसून समजुतीनं घेतलं तर? शेवटी त्यानं काय बियाणं स्वतः बनवलेलं नाही. गावातली माणसं आहेत, उद्या पुन्हा एकमेकांच्या दारात जायचंय.

आईला माझा नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं तेल पाठवतो.

निवृत्ती

*

बोरवाडी
११ डिसेंबर २०१७

निवृत्ती,

या पत्रात सलाम बी नाही आणि नमस्कार बी नाही.

काल सांजच्याले तुह्या मायकडं तेलाची बाटली घेऊन गेली, तू पाठवलेली. मावशी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तेवढ्यात तुहा मामा आला, गुलाबराव, बियाण्याचं दुकान बंद करून. सोबत दोन माणसं. मी उठून आत जात होती, तं तोच म्हणे, "बस वं पोस्टवाली, तुहंच काम आहे."

तुले सारं सांगते, कारण तू तिथी नव्हता. आणि तू तिथी नसून बी होता.

मामानं खिशातून कागद काढून मावशीपुढं टाकला. झेरॉक्स होती. अक्षर माहं होतं. कोपऱ्यात गोल शिक्का होता, ३० नोव्हेंबरचा, बोरवाडीतला 'वा' झिजेल आहे तसाच झिजेल. मले पह्यले वाटलं माही वही चोरीले गेली. मंग ध्यानात आलं का वहीवर मी शिक्का मारतच नाही. शिक्का त्या दोनच कागदांवर होता, जे मी रजिस्टर करून तुले पाठवले.

मामानं एकतीस नंबरावर बोट ठेवलं. म्हणे, "ताई, तू बी? दरसाल आखाजीच्या सणाले भाऊ बहिणीले लुगडं देते, मी तुले बियाण्याच्या दोन पिशव्या देल्या. बिल मांगतलं नाही. आणि तू ते बोंड पोस्टात नेऊन कापलं?"

हाव निवृत्ती, एकतीस नंबर तुही माय आहे. मायेरची भेट म्हणून तिले बिल नव्हतं, नुसत्या रिकाम्या पिशव्या होत्या. तिच्या पिशवीवरचा लॉट नंबर आणि बाकी वीस-बावीस लोकांचा एकच आहे. म्हणून ती स्वतःहून आली माह्याकडं. म्हणे, "गुलाब माहा भाऊ आहे, पण कलाबाई बी माही कोणी आहे. पोराले सांगू नोको, मामा-भाच्यात वाकडं येईन." मी तुले म्हटलं होतं एका नंबरावर थांबशीन. तू तुह्या पत्रात त्याच्यावर एक शब्द लेहला नाही. मले तवाच समजायले पाह्यजे होतं, का तू यादी वाचलीच नाही. न वाचताच देऊन टाकली.

मावशीनं इचारलं, "ही यादी कुठून आणली रे गुलाब?"

तो म्हणे, "तुह्याच पोरानं देली. तो तरी माहा भाचा निघाला."

मावशीनं हातातली शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले. मंग दुसरी घेतली. मामा अर्धा तास बोलत राह्यला, तक्रार मागं घेतो म्हणून लेहलेल्या कागदावर अंगठा दे म्हणे. तिनं अंगठा देला नाही, पण त्याले जाय बी म्हटलं नाही.

आता गावाचं ऐक. मामा चार दिवसांपासून याच यादीची एकेक झेरॉक्स घेऊन घरोघर फिरून राह्यला. नऊ घरांनी मागं घेतल्याच्या सह्या केल्या. काही लाजेखातर, काही भेवानं, का उद्या दुकानातून खत मिळन का नाही. आणि बाकीचे काय म्हणतात माहीत आहे? पोस्टवालीनं यादी विकली. कलाबाईनं तं माह्या तोंडावर इचारलं, "मुबीना, तुहं अक्षर त्याच्या खिशात कसं वं गेलं?" मी काय सांगू तिले? आठ वर्षांत या गावातलं एक पाकीट मी उघडून पाह्यलं नाही, उन्हाच्या उजेडात धरून बी पाह्यलं नाही. आज सकाळी तिची पोट्टी पाकीट टाकायले आली, तं कलाबाई म्हणे, धाडच्या पेटीत टाक.

तुह्यावर मले राग आला असं लेहलं तं ते कमी होईन. तू मले माह्याच हातानं लेहायले लावलं, माह्याच शिक्क्यानं पाठवायले लावलं. 'तुझ्या पाकिटाइतकं सुरक्षित दुसरं काही नाही.' हे वाक्य लेहताना तुले काहीच वाटलं नाही का रे?

आता खरं सांग. हल्ला खरा होता का? फोटो आहेत का पुसले? अठरा तारखेले सात दिवस आहेत.

मुबीना शेख

*

पुणे
१४ डिसेंबर २०१७

मुबीना,

स्पीड पोस्टनं पाठवतोय, शनिवारपर्यंत मिळायला पाहिजे.

हल्ला खरा होता. तेवढं तरी मान. सोळा नोव्हेंबरपासून दहा दिवस तो चालला, कुणी केला ते मला आजही माहीत नाही. मी झगडलो त्याच्याशी. पानं तयार करून ठेवली, पुढे पहारा बसवला, आणि सत्तावीसला सकाळी गर्दी बाहेरच अडली. साइट उघडली तेव्हा मी इथे खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. मालक स्वतः म्हणाले, आता चालू ठेव, बाकीच्यांना त्रास नाही.

अकरा मिनिटांनी मामाचा फोन आला, म्हणाला, गावात बायका वरडत फिरून राह्यल्या, साइट उघडली म्हणे. बंदच राहू दे बाप्पा, परवाना जाईन माहा. तो रडत होता, मुबीना. बाबा गेल्यावर माझी फी त्यानं भरली, पुण्याच्या गाडीत त्यानं बसवलं. मी साइट बंद केली. मालकांचं नाव पुढे करून तुला खोटं सांगितलं. त्या दिवसानंतर हल्ला नव्हताच. साइट मी अडवून ठेवली होती.

आणि यादी मागितली ती मी मामासाठीच मागितली. पंचवीसला तुला पत्र लिहिलं त्याआधीच त्यानं मला विचारलं होतं. म्हणजे साइट वाचवायला रात्रंदिवस खपत होतो तेव्हाही मी दोन्हीकडे होतो. मामा म्हणाला, लोकांना भेटून हात जोडीन, एवढंच. मी पाकीट फोडलं, कागदांचे फोटो काढले, त्याला पाठवले. वाचले नाहीत. खरं सांगतो, मुद्दाम वाचले नाहीत. नावं पाहिली असती तर माझ्यानं पाठववली नसती.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात सगळे फोटो तारखांसकट आहेत. साइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, वेगळ्या कागदावर लिहिलेत. साइट आजपासून चालू आहे, आणि ती दुसरीकडे कशी हलवायची ते मतीनला कळेल असं लिहून दिलंय.

एकच केलं आहे. एकतीस नंबर काढून टाकला, साइटवरून आणि पेन ड्राइव्हमधून. उरलेल्या बेचाळीस जणांचा दावा त्यानं अडत नाही. माय आणि मामा समितीपुढं समोरासमोर उभे राहायले नको. तिचं मायेर माह्यापायी तुटू नये. एवढं मले करू दे.

गावात सांग यादी मी दिली. माझं नाव घेऊन सांग.

निवृत्ती

*

बोरवाडी
२१ डिसेंबर २०१७

(हे पत्र सिंधूताई बोलून राह्यल्या आणि मी लेहून राह्यली. माह्या पदरचं यात काही नाही. — शाखा डाकपाल)

निवृत्ती,

मी तुही माय. गुडघा तसाच आहे. तेलाची बाटली मी उघडली नाही.

तुहं पत्र मुबीनानं मले वाचून दाखवलं. ते पाकीट तिच्या नावानं होतं तरी ती माह्या ओट्यावर घेऊन आली आणि माह्यासमोर फोडलं. तू जे लेहलं ते मंग तिनं मारुतीच्या पारावर बी वाचलं. मीच वाचायले सांगतलं. लोकायले कळलं यादी कोणी देली ते. कलाबाई पारावरून उठली आणि मुबीनाच्या हातात पाकीट देलं तिच्या पोरीचं, टाकायले. बस, एवढंच झालं. कोणी तुले शिव्या देल्या नाही. देल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

अठरा तारखेले समिती आली. सायेब चांगला होता, तरणा होता. मतीननं कम्प्युटर आणला धाडहून, सारे फोटो दाखवले. सायेब म्हणे, फोटो पाह्यले, तारखा बी बरोबर आहेत, पण या लॉटची उभी कपाशी कुठी आहे का? मले बोंड माह्या हातानं तोडून पाहायचं आहे. साऱ्यायनं उपटली होती. मी म्हटलं, माही आहे. दोन एकर उभी आहे. चला.

मी काऊन उपटली नव्हती ते तुले सांगते. मले त्या मोबाइलातल्या फोटोवर भरोसा नव्हता असं नाही. भावानं देलेलं बियाणं होतं रे. मले वाटे, अजून एखादी वेचणी होईन, गुलाबाचा शब्द राहीन. हरभरा राह्यला, पण कपाशी उपटायले हात गेला नाही.

शेतात गुलाब बी आला. सायबाले म्हणे, सायेब, ही माही बहीण आहे, हिचं नाव यादीत नाही, फोटो बी नाही, हा आमच्या घरातला वाद आहे. सायबानं कम्प्युटरवर पाह्यलं. तीस होता, बत्तीस होता. एकतीस नव्हता. सायेब म्हणे, आजी, मंग तुमचं शेत मी कसं लेहू? तुमची तक्रार कवाची?

मुबीनानं वही काढली, पण तिच्यावर ना तारीख ना शिक्का. मंग कलाबाई पुढं आली. तिच्याकडं ती झेरॉक्स होती, गुलाबानं सही घ्यायले तिच्या घरी नेली आणि तिथीच विसरून आला होता. तिनं पदराच्या गाठीतून काढली. एकतीस नंबर, सिंधूताई, लॉट नंबर, आणि कोपऱ्यात पोस्टाचा शिक्का ३० नोव्हेंबरचा. सायबानं कागद उलटून पाह्यला, सुलटून पाह्यला. गुलाबाले इचारलं, हा कागद तुमचाच ना? गुलाबाच्या तोंडातून हाव निघालं आणि मंग त्याले समजलं आपण काय बोललो.

सायबानं स्वतः सात बोंडं तोडली. सातयी किडेल. पंचनामा माह्या शेतात बसून लेहला, माह्या अंगठ्यानं. सह्या केलेल्या नऊ घरांपैकी पाच घरं परत आली. चार आली नाही, त्यायचं त्यायले माहीत. पुढं काय होईन ते समिती जाणे.

गुलाब जाताना माह्या पाया पडला नाही. लग्न झाल्यापासून एक वेळ चुकला नव्हता. मी बांधावर उभी राहून पाहत राह्यली, त्यानं मागं वळून पाह्यलं नाही. आता आखाजीले मले कोणी नेणार नाही. हे सारं मले आधीच माहीत होतं. नाव देलं तवाच मी हे धरून चालली होती. माह्या भावाशी काय करायचं ते माह्या हातातलं होतं, ते मी माह्या मनानं केलं होतं.

तुह्यावर राग येते तो यादीचा नाही रे. मामानं रडून मांगतली, तू देली. मामाचे उपकार आहेत, ते मले बी माहीत आहेत. राग याचा येते का तू एकतीस नंबर काढला. मले इचारलं नाही. साऱ्या गावात माह्या एकटीच्या शेतात कपाशी उभी, आणि तू माह्याच नावावर बोट फिरवलं. म्हणते कसा, मायचं मायेर तुटू नये.

मुबीनाले तू त्या जीपचं लेहलं होतं, तिनं मले सांगतलं. पोलीस आले का ड्रायव्हर एका सवारीले उतरवते. बाप्पा, तुह्या गाडीत त्रेचाळीस सवाऱ्या होत्या. आणि उतरवली कोण, तं माय. तुह्या हातात गाडी होती, पोलीस बी नव्हते, आणि तू मले भर रस्त्यात उतरवून देलं. वर म्हणते एवढं मले करू दे.

साइट आता दुसऱ्या जागी आहे. तू देलेल्या किल्ल्या मतीननं बदलल्या. एकतीस नंबर पुन्हा टाकला, मी काउंटरवर उभी राहून नवीन बोंड कापलं.

घर तुहं आहे. यायचं असन तवा ये, भाकर मिळन. पण मले काही सांगायचं असन तं मुबीनाच्या हाती पाकीट पाठवत जाय. ती फोडत नाही.

तिले मी या कागदावर बी शिक्का मारायले सांगतला. मामाले दाखवायचा असन तं खुशाल दाखव.

तुही माय,
सिंधूताई
(अंगठा)